आईच्या थरावर

रविवार, ९ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघाही ठीक आहे. तू पाठवलेले मोजे मिळाले. एक जोडी वापरतो, दुसरी जपून ठेवली आहे. मोज्यांत जपण्यासारखं काय आहे, असं तुझी आई म्हणाली असती.

बातमी अशी की मी क्लासला जाऊ लागलो आहे. हसू नकोस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी टॅबलेटवर चित्रं काढायला शिकवतात. आई जायची तोच क्लास. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान आहेत. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना बाई म्हणतो आणि दोघंही अवघडतो. पहिल्या दिवशी मी पेन इतकं दाबलं की म्हणाल्या, "काका, काच आहे, भिंत नाही." रंगाच्या दुकानात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

सुरुवातीला रंगाला हातच लावू देत नाहीत. नुसतं राखाडी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा गडद. मग एक कप काढायचा आणि उजेड कुठून येतो ते ठरवायचं. मला तो पोरखेळ वाटला. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं आणि मी नुसता बघून सांगायचो, यात पिवळा किती, काळा किती. पण माझा कप सपाटच दिसतो, अजूनही. बाई म्हणतात, तुम्हाला रंग कळतो, उजेड कळत नाही.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्राचं कारण वेगळं आहे.

आईने काढलेलं तुझं चित्र तू तीनदा मागितलंस. एकदा मी चार्जर सापडत नाही म्हणालो, एकदा टॅबलेट सुरू होत नाही म्हणालो, तिसऱ्यांदा दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. चार्जर तिच्या शिवणाच्या डब्यात होता, ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सापडला होता.

चित्र अर्धं होतं. कपाळ, डोळे, उजवा गाल आणि त्या बाजूचे केस झाले होते, बाकी नुसत्या रेषा. मला वाटलं, आपण पुरं करू आणि तुझ्या वाढदिवसाला पाठवू. तुझ्या गालाचा रंग मी बरोबर जुळवला. खूश होतो, खोटं कशाला सांगू. दुपारभर बसून दुसरा गाल, हनुवटी, मान, तो पिवळा स्वेटर रंगवला. मग तिचा भाग आणि माझा भाग वेगळा दिसू लागला, म्हणून तिच्यावरूनही एक हात फिरवला. आणि बंद केलं.

सकाळी उघडलं तर त्यात तू नव्हतीस. नाक-डोळे होते, तू नव्हतीस. मागे जायचं बटण दाबत राहिलो, काही होईना.

तेव्हा टॅबलेट घेऊन बाईंकडे गेलो. शिकायला नाही, दुरुस्त करून घ्यायला. त्यांनी सांगितलं, या चित्रांना थर असतात, काचेवर काच ठेवावी तसे. नवीन काही करायचं तर नवीन थर घ्यायचा, म्हणजे खालचं शाबूत राहतं. मी आईच्याच थरावर रंगवलं होतं.

"वेगळं करता येईल?" मी विचारलं.

बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "नाही, काका."

ढवळलेल्या डब्यातून रंग परत काढता येत नाही, हे मी स्वतः किती जणांना सांगितलं असेल. निघालो, तर म्हणाल्या, आलाच आहात तर बसा. बसलो. घरी जाऊन तरी काय करणार होतो.

अजून एक सांगायचं राहिलंय. ते चित्र घेऊन आई एकदा माझ्याकडे आली होती. "बघा ना, सावली जमलीय का?" मी पेपर वाचत होतो. म्हटलं, काचेवर कसला आलाय रंग, नंतर बघतो. तिने परत विचारलं नाही. मी ते पहिल्यांदा बघितलं ते ती गेल्यावर.

गेल्या बुधवारी बाईंनी छटा तपासायला शिकवलं. चित्रातला सगळा रंग काढून टाकायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं. मी तुझं चित्र उघडलं. माझा गाल, मान, स्वेटर, सगळं एकच राखाडी झालं, भिंतीसारखं. पण उजव्या डोळ्याखाली आणि कानाजवळच्या केसांत, जिथे माझा हात पोचला नव्हता, तिथे उजेड होता. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो तो. तू तिथेच बसून अभ्यास करायचीस. जागा अंगठ्याएवढी असेल, पण तेवढ्यात तू होतीस.

सोबत दोन प्रती छापून पाठवतो आहे. रंगीत माझी, ती फाडलीस तरी चालेल. राखाडी ठेव.

रागावू नकोस असं म्हणत नाही. मनात येईल तेव्हा फोन कर. या वेळी दूध उतू जाणार नाही.

आणि सावली जमली होती. जिला सांगायचं, तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगतो.

तुझा
बाबा