डाव्या मडगार्डाखालची तारीख

प्रिय रेवा,

गाडीच्या कागदांच्या तुझ्या निळ्या फायलीत हे पत्र सापडलं म्हणून दचकू नकोस, मीच ठेवलंय. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं आजी, हं आजी" करतेस आणि तिकडे खारघरला बसून दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस. शिवाय इथे विचुंब्यात तुझ्या आईचे कान कायम माझ्या खोलीकडे. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे मी, शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. चुका काढायच्याच असतील तर पुढे मोठ्या आहेत.

गेल्या रविवारपासून मला अन्न गोड लागत नाही. तुझी आई म्हणते पित्त झालं, ओव्याचं पाणी घ्या. घेते. ओव्याने उतरणारं असतं तर बरं झालं असतं.

जुन्या गाड्यांची माहिती ठेवणाऱ्या तुझ्या त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचं उत्तर आलं, की आपली पॅकार्ड गाडी अठ्ठेचाळीस साली कारखान्यातून निघाली तेव्हा गर्द हिरवी होती, आणि तू जी पेटलीस ती पेटलीस. काळा रंग खरवडायचा, त्याखालचा खरवडायचा, थेट पत्र्यापर्यंत जायचं. मी म्हटलं पोरीला नाद लागलाय, लागू दे. नवरा शोधण्यापेक्षा गाडीचा रंग शोधणं बरं, रंग निदान उलटून बोलत नाही. मग तुला आजोबांच्या तारखा सापडायला लागल्या. शिवाला ती खोडच होती. गाडीचं कुठलंही काम केलं की आतल्या पत्र्यावर खिळ्याने तारीख ओरखडायची आणि मग वरून रंग मारायचा. ब्रेकपाशी सहासष्ट, रेडिएटरमागे एकोणसत्तर. प्रत्येक तारीख सापडली की तू नाचत घरात यायचीस, आणि मी तांदूळ निवडता निवडता एकच मोजत बसायचे, आता डावं मडगार्ड किती लांब राहिलं.

रविवारी तू लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरलीस. सगळीकडे टक्कन चिकटला आणि डाव्या मडगार्डावरून घसरून खाली पडला. "आजी, इथे पुट्टी भरलीये! आणि दिवासुद्धा या बाजूचा वेगळा आहे, ठोकली होती वाटतं कोणीतरी!" केवढी खूश झालीस. खाली पडलेला लोहचुंबक विठूने काठीने ओढून घेतला, फडक्याला पुसला आणि तुझ्या हातात दिला. मला वाघाचं भय वाटलं नाही कधी, सासूचंही नाही. त्या बोटभर लोखंडाच्या तुकड्याचं वाटलं. म्हणून मी आत गेले. दूध उतू जात नव्हतं, खोटं बोलले.

विठूला तू जन्मल्यापासून बघतेस. लंगडा विठूआजोबा, रोज सकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसणारा, तुला पाना म्हटलं की पक्कड देणारा. त्याच्याकडून तू ती गोष्ट लिहून घेतलीस, फायलीत पहिल्याच पानावर लावलीस. त्र्याहत्तर साल, शिमग्याच्या आदला दिवस. डोक्यावर टोपली घेऊन विठू मिठागराच्या बांधावरच्या रस्त्याने चालला होता, मागून ट्रक आला, उडवून पळून गेला. पाय चिरडला. तेवढ्यात देवासारखा शिवा, तेव्हा तो शेठकडे ड्रायव्हर होता, शेठची ही गाडी घेऊन आला आणि त्याला उचलून पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेला. "तुजा आजा नसता, तर मी नसतो पोरी. आमी गरीब मानसं, आमाला कोन बसवतो असल्या गाडीत?" हे सांगताना त्याचे डोळे भरले, तुझेही भरले. मी तेव्हा चहा ओतत होते. निम्मा बशीत गेला.

त्या उपकारापायी तो दर वर्षी हंगामाचं पहिलं मीठ आपल्या दारात आणून ठेवतो. "वयनी, तुमचं मीठ." आता मिठागरं बुजून त्यावर इमारती उभ्या राहिल्या, तरी कुठून पैदा करतो देव जाणे. तुझ्या बापाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणात ते मीठ होतं. तुझ्या पहिल्या भातात होतं. चिरनेरची त्याची सोयरीक ठरलेली, पाय गेला म्हणून मोडली. पुन्हा कोणी मुलगी दिली नाही. आयुष्य बहिणीच्या ओटीवर काढलं, आणि मीठ आणलं आपल्याला.

तिथे ट्रक नव्हता, रेवा.

शेठ मुंबईला होता, गाडी इथे त्याच्या बंगल्यात. शिवाने मला हौसेने ती चालवायला शिकवायचं काढलं होतं. बावीस वर्षांची होते, मस्ती होती अंगात. भर दुपारची वेळ, दोन्हीकडे पांढरंशुभ्र मीठ, ऊन असं डोळ्यात येत होतं की समोरचा रस्ताही पांढरा. गाडी बाजेएवढी रुंद, उजवीकडे बसून डावी बाजू कुठे संपते ते कळेना. शिवा म्हणाला, "डावीकडे जातेय, सखू, आत घे." मी म्हटलं, "मला शिकवू नका." एवढं म्हटलं आणि आवाज आला.

मी खाली उतरायला निघाले तर शिवाने माझा हात धरला. तुझा बाप चार महिन्यांचा पोटात होता. म्हणाला, "तू चालत घरी जा. तू इथे नव्हतीस." ट्रकची गोष्ट त्याने दवाखान्याच्या दारात रचली. विठूला मागून काय आलं ते दिसलंच नव्हतं, त्याने शुद्धीवर येऊन शिवाचे पाय धरले. शिमगा झाल्यावर तिसऱ्या दिवशी शिवाने मडगार्ड ठोकून सरळ केलं, आणि पुट्टी भरण्याआधी खिळा उचलला. मी ओरडले, वेड लागलंय का तुम्हाला? म्हणाला, "जगाशी बोललो खोटं. गाडीशी नाही बोलणार." तारीख ओरखडली. शेठला सांगितलं इंजिन गेलं. शेठने दुसरी घेतली, पुढे परदेशी गेला, ही आपल्याकडे राहिली. तुम्हाला सगळ्यांना वाटतं आजोबांनी जीव लावला म्हणून विकली नाही. ताडपत्री घालून लपवली होती ती. मरेपर्यंत त्याने तिला किल्ली लावली नाही.

सोमवारी तू ते मडगार्ड खरवडणार. तारीख निघेल, तू हुशार आहेस, पहिलं पान आणि ती तारीख शेजारी ठेवशील. आधी वाटलं तुला थांबवावं, म्हणावं माझ्या मेल्यावर खरवड. तसं म्हणायलाच कागद घेतला होता. पण मंगळवारी विठू यंदाचं मीठ ठेवून गेला, आणि ती पिशवी मला आत घेता आली नाही. अजून उंबऱ्याबाहेर आहे. तेव्हा खरवड. त्या दिवशी विठूची खुर्ची डाव्या बाजूला मांड, मला तिच्यासमोर बसव. तोंडाने सांगायचं ठरवलंय मी. पण सगळ्या गावाला टोचून बोलणारी ही जीभ त्याच्यापुढे वळेल याची मला खात्री नाही, आणि त्याला वाचता येत नाही. मी गप्प राहिले तर हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव, अगदी "प्रिय रेवा"पासून. मी उठून आत जायला लागले, दूध उतू जातंय म्हणाले, तर मला जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
घाबरलेली आजी
सखूबाई