ओढ्यापलीकडचा दर

३ फेब्रुवारी, सोमवार
आज मेलेच होते! फोन घेणारी मुलगी जेवायला गेली म्हणून तिचा फोन मी उचलला. पलीकडून कडाडल्या — "ओढ्याच्या अलीकडे स्वस्त आणि पलीकडे दुप्पट? ओढ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

काकू! मे महिन्यात मी ज्यांची सून होणार, त्या काकू! मी आवाज बारीक केला, "तक्रार नोंदवली आहे, मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला. मी कुठल्याशा ऑफिसात आकड्यांचं काहीतरी करते, एवढंच त्यांना ठाऊक.

आकड्यांचं काहीतरी म्हणजे दर ठरवते. टेकडीवरच्या आमच्या टॉवरवरून घरोघरच्या छतावर बिनवायरचं नेट जातं. टॉवर समोर दिसतो ती घरं स्वस्तात. ओढ्यापलीकडे टेकडीचा खांदा मध्ये येतो, त्यांच्यासाठी वेगळा खांब उभारलाय आणि गिऱ्हाईकं मोजून सात. मग दर चढणारच! नकाशावर ओढ्यावरून रेघ मीच मारली. हिशेब चोख आहे.

पण काकूंना हे सांगायचं कुणी?

४ फेब्रुवारी
काकूंच्या लेकाला सांगितलं. हसून हसून खालीच बसला. म्हटलं, आईला तूच सांग. म्हणाला, "मी? मला अजून जगायचंय."

९ फेब्रुवारी, रविवार
त्यांच्याकडे जेवायला. काकू आधीच तापलेल्या. घरून शिवणाचा क्लास घेतात, स्क्रीनवर. जलद नेट परवडत नाही म्हणून हळू चालणारं घेतलंय. ऐन बाही जोडताना चित्र थिजतं आणि पोरी उलट्या बाह्या शिवून मोकळ्या होतात! ओढ्याअलीकडच्या एका बाईंचा क्लास सुरळीत चालतो, तीन पोरी तिकडे गेल्या. "असंच चाललं तर मशीनवर चादर टाकते," म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

मग — "ही रेघ ज्यानं मारली ना, तो एकदा मला भेटायला हवा!"

काय झालं मला कोण जाणे. तोंडातून निघून गेलं — "मी मारली, काकू."

काका भरलेला तांब्या घेऊन पाणी आणायला आत गेले. तो ताटात बघत राहिला. लग्न मोडलं, असंच वाटलं मला.

काकूंनी हात धुतले, पुसले. "कशी मारलीस? इथं येऊन की तिथं बसून?"

"तिथं बसून. नकाशावर."

"म्हणजे माप न घेताच कातर चालवलीस." मग माझ्या ताटाकडे बघून, "जेव आधी. रिकाम्या पोटी भांडता येत नाही."

१० फेब्रुवारी
झोप नाही. हिशेब पुन्हा तपासला. चोखच आहे. त्याचाच राग आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या शिडीवाल्याला — छतांवर डिश बसवतो तो — घेऊन ओढा ओलांडला. काकू बरोबर निघाल्याच, गळ्यात मापाची टेप तशीच. गच्ची झाली, पत्रे झाले, एका कोंबड्यांच्या खुराड्यावरही चढलो. टॉवर कुठूनच दिसेना! कोंबड्यांनी शिडीवाल्याच्या टाचा फोडल्या ते वेगळंच.

शेवटी रस्ता संपतो तिथल्या पाण्याच्या टाकीवर तो चढला आणि वरून ओरडला, "दिसला! अख्खा दिसला!" तिथं एक छोटं यंत्र बसवलं की मोठ्या खांबाची गरजच नाही. मी नाचायचीच बाकी होते. काकूंनी एवढंच म्हटलं, "बघ. आलीस तर दिसलं."

१२ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, "यंत्र फुकट मिळत नाही. वीस घरं आण, मी रेघ पुसतो." सातांची वीस! कुठून आणू?

१५ फेब्रुवारी, शनिवार
मी कशाला आणतेय! काकूंनी पदर खोचला. मी नुसती मागे, फॉर्म धरून.

पहिलं दार रेडिओकाकांचं. दिवसभर रेडिओ लावून बसतात म्हणून हे नाव. कुंपणाच्या वादावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. काकू सरळ आत.

"मला नेट नकोय," रेडिओकाका.

"नका वापरू. पण घ्या."

"वापरायचं नाही तर घेऊ कशाला?"

"तुमच्या नातीसाठी. सुट्टीत आली की दुसऱ्या दिवशी पळते, का ते विचारलंत कधी?"

रेडिओकाकांनी रेडिओ बंद केला. सही केली. वर कुंपणाचं बोलूया म्हणाले! काकू म्हणाल्या, "ते नंतर. आधी अजून बारा घरं व्हायची आहेत."

१६ फेब्रुवारी
पाय तुटले. काकू ताज्यातवान्या. एका घरात वर खायला घालून पाठवलं, एका घरात कुत्रं सोडलं. दोन्हीकडची सही मिळाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
तेवीस! साहेबांच्या टेबलावर फॉर्म ठेवले. ते एकेक उलटत गेले, मग चष्मा काढून म्हणाले, "ह्या बाई कोण आहेत?" मी म्हटलं, "होणाऱ्या सासूबाई." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकानं की कीव येऊन, कळलं नाही.

१ मार्च
टाकीवर यंत्र बसलं. नकाशावरची रेघ मी पुसली. दोन्हीकडे एकच दर!

संध्याकाळी काकूंचा क्लास बघायला गेले. स्क्रीनवर पंधरा पोरी, एकही थिजलेली नाही. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्यात. काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कॅमेऱ्यासमोर उभी केली — "ही माझी सून." नुसतं तेवढंच. होणारी-बिणारी काही नाही. मी वेड्यासारखा हात हलवला.

७ मार्च, शुक्रवार
साहेबांनी नवीन जागा काढली. यापुढे कुठल्याही भागाचा दर, तिथं पायी फिरून आल्याशिवाय आणि वरिष्ठांच्या सहीशिवाय ठरणार नाही. वरिष्ठ सोमवारपासून रुजू. क्लास संध्याकाळी असतो, दिवसभर मोकळ्याच असतात म्हणे.

माझ्या शेजारचंच टेबल मागितलंय काकूंनी!