अंगठ्याचं माप

ताईस धाकटीचा नमस्कार.

मी वेळेवर जेवते, लेक काही कमी पडू देत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

पण या तपासणीने डोकं उठवलंय. अंगठ्याच्या स्नायूवर उडी मोजणारी पट्टी चिकटवतात, मनगटावर विजेचे बारीक झटके देतात आणि ते वाढवत नेतात, तसा अंगठ्याचा स्नायू टप्प्याटप्प्याने जास्त उडतो. पूर्ण झटक्याच्या उडीला एका टप्प्याच्या सरासरीने भागलं, की स्नायू हलवणारे किती मज्जातंतू शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. हे मी पुस्तकात वाचलं. मागच्या महिन्यात एकशे तीस होते, आज चौऱ्याऐंशी! हे खरं असेल तर आजार वाढतोय आणि माझी कात्री कायमची सुटली.

तपासणाऱ्या मुलीला विचारलं, "पट्टी मागच्याच जागी लावलीस ना?"

"हो मावशी, इथेच कुठेतरी."

इथेच कुठेतरी! मी सकाळीच घरून पेनाने करून आणलेली खूण हिने स्पिरिटने पुसून टाकली होती. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, पण बाही कधी 'इथेच कुठेतरी' लावली नाही. हे गेल्यापासून माझ्या वतीने भांडणारं कोणी नाही, म्हणून मीच भांडले. मनगटापासून पट्टीपर्यंतचं मागचं अंतर वहीत लिहिलेलं होतं. पिशवीतली टेप काढून जागा दाखवली. पुन्हा मोजले, तर एकशे एकोणीस.

"अजून एकदा करू? म्हणजे खात्री होईल," ती म्हणाली.

ताई, मीच नको म्हटलं. आकडा पुन्हा खाली आला असता तर?

तुझी,
धाकटी