वर्गात न बसलेल्या मुलीचा पेपर

९ ऑगस्ट
हद्द झाली! जूनमध्ये आलेला नवा नियम आता भूमितीलाही लागू. वर्गात एक दिवसही न बसता नुसती परीक्षा द्यायची. शंभरात ऐंशी मिळाले की तो विषय पास, श्रेयांक जमा. मग आम्ही कशाला आहोत? हजेरी घ्यायला?
मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सगळ्या सरकारी शाळांना लागू आहे. माझ्या हातात काही नाही." त्यांच्या हातात कधीच काही नसतं.

१२ ऑगस्ट
भूमितीला एकच अर्ज. फरशी बसवणाऱ्याची मुलगी. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चार महिने होती — तिसऱ्या बाकावर, गप्प. आई आजारी पडली तेव्हा शाळा सुटली. आई गेल्यावर बापाबरोबर कामावर जाऊ लागली.
बाकीचे तीन विषय तिने अशाच परीक्षा देऊन काढले म्हणे. भूमिती राहिलीय. ती निघाली तर बरोबरीच्या मुलांसोबत वरच्या वर्गात. नाही निघाली तर वयाची अट ओलांडते, शाळेचं दार बंद. पुन्हा संधी नाही.
पेपर मी काढायचा, तपासायचाही मीच.

१३ ऑगस्ट
ती भेटायला आली होती. उंच झालीय. नखांच्या कडांना सिमेंट. मी विचारलं, "शिकवलं कोणी?"
"कोणी नाही, बाई. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक मोठ्याने वाचायचे. बाबा ऐकायचे. पटलं नाही की म्हणायचे, काढून दाखव. मग मी फरशीवरच काढायचे."
मनात म्हटलं, घ्या! भूमिती म्हणजे काय गप्पाटप्पा आहेत?

२० ऑगस्ट
पेपर काढला. अवघड काढला — इथे तरी खरं लिहायला हवं. सव्वीस वर्षं घसा कोरडा करून शिकवते. आणि कोणीतरी फरशीवर बसून तेच मिळवणार? शेवटी माझा नेहमीचा, ठेवणीतला प्रश्न घातला. एकोणीस वर्षं प्रत्येक वर्गाला देत आलेय. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा ओटा, काटकोनासमोरची बाजू चौदा फूट, तिच्यावर टाकलेला लंब आठ फूट, तर किती चौरस फूट फरशी लागेल? सहा गुण. अर्धं गुणिले चौदा गुणिले आठ. छप्पन्न. त्यातल्या त्यात हा सोपा. अगदीच निर्दयपणा नको.

२७ ऑगस्ट
परीक्षा झाली. रिकाम्या वर्गात ती एकटी, समोर मी. तीन तास.
एक गोष्ट लिहून ठेवते. वर्तुळाचा मध्य शोधायचा होता. मुलं कंपास घेऊन कंस मारत बसतात. हिने गुण्याचा काटकोनी कोपरा वर्तुळाच्या कडेवर टेकवला, दोन्ही बाजू जिथे वर्तुळाला कापतात तिथे खुणा केल्या, जोडल्या — व्यास! गुण्या फिरवून पुन्हा एक व्यास. छेदले तिथे मध्य. अर्धं मिनिट लागलं नसेल. खाली सिद्धताही लिहिली, नीट.
अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय मी दरवर्षी शिकवते. ते असं हातात धरून वापरता येतं, हे मला सुचलं नव्हतं.

२९ ऑगस्ट
तपासला. शहात्तर.
चार कमी! जीव हळहळला. मग राग आला, कारण ते सहा गुण तिने हाताने घालवले. ओट्याच्या प्रश्नाखाली लिहिलंय: "असा ओटा बनत नाही. काटकोनाचा कोपरा लांब बाजूवर काढलेल्या अर्धवर्तुळावर येतो. ते अर्धवर्तुळ मधोमध सातच फूट उंच. लंब आठ होणार नाही. मालकाला पुन्हा माप विचारावं."
मालकाला विचारावं! मी लाल फुली मारली. शून्य.

३० ऑगस्ट
फुली डोळ्यांपुढून हलेना. हे म्हणाले, "अगं, आमटीत दोनदा मीठ घातलंस."
मधल्या सुट्टीत वर्गाचं दार लावून घेतलं. जमिनीवर खडूने चौदा बोटं लांब रेघ ओढली, एका फुटाला एक बोट. टोकांना दोन खडू उभे केले. फळ्याचा मोठा गुण्या घेतला आणि त्याच्या दोन्ही बाजू खडूंना टेकवत कोपरा हळूहळू सरकवत गेले. गुडघे दुखायला लागले. कोपरा वर चढला, मधोमध आला — सात. तिथून उतरायलाच लागला. पुन्हा केलं. सात. उलट बाजूने केलं. सात!
आठ नाहीच. जगात कुठेच नाही. असा त्रिकोणच नाही.
घंटा झाली, मुलं दार वाजवू लागली. साडीला खडू, डोळ्यांत पाणी. लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी होतं. एकोणीस वर्षं, दरवर्षी चाळीस मुलं — सगळ्यांनी छप्पन्न लिहिलं आणि मी सहापैकी सहा देत गेले. पहिल्यांदा एक मुलगी आली आणि तिने नुसतं पाहिलं!

२ सप्टेंबर
मुख्याध्यापकांना सांगितलं. ते दचकले.
"बाई, कशाला उकरता? कोणाला कळणार आहे?"
"मला कळलंय, सर."
"तुमचंच हसं होईल."
"होऊ दे."
त्यांनी कागद घेतला, पट्टी घेतली, स्वतः काढून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मीही छप्पन्नच म्हटलं असतं."
फुली खोडली. सहापैकी सहा. बाजूला सही केली, कारण लिहिलं: प्रश्न चुकीचा, उत्तर बरोबर. एकूण ब्याऐंशी.

३ सप्टेंबर
तिला सांगितलं. उडी नाही, रडणं नाही. "म्हणजे माप चुकलं होतं ना, बाई?" एवढंच.
"माप नाही गं, मी चुकले होते."
ती खुदकन हसली. "बाबा म्हणतात, चुकलेली फरशी ओली असतानाच उचलावी."
माझी एकोणीस वर्षं वाळली होती! तरी उचलली.

६ सप्टेंबर
श्रेयांकाच्या अर्जावर सह्या घ्यायला बाप-लेक आले. तो दारातच चपला काढून उभा. कागद पुढे केला तर खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला लिहायला-वाचायला येत नाही." शाईचं पॅड मागितलं. अंगठा उठवला — नुसता निळा गोळा. सिमेंटने रेषाच खाल्ल्यात.
त्याच्याखाली एक ओळ रिकामी होती: 'विषय शिकवणाऱ्या शिक्षकाची सही.' मुलगी म्हणाली, "ती सोडू का, बाई? शिक्षक नव्हतेच ना."
मी पॅड पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. म्हटलं, "दादा, इथेही तुमचाच."