बाळाच्या वतीने

रविवार, ५ जानेवारी
आज भाचीचा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता मी. बाळाला बोलता येत नाही म्हणून तिच्या वतीने वचनं मी दिली. पाळकसाहेबांनी विचारलं, सैतान आणि त्याची सगळी कामं नाकारतोस का? मी असं खणखणीत ‘नाकारतो’ म्हणालो की धाकट्या बहिणीच्या हातात झोपलेलं बाळ दचकलं आणि त्याने भोकाड पसरलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला, असं दोघांनी येऊन सांगितलं.
घरी आल्यावर जाणवलं, ही वचनं माझीही आहेत. लहानपणी माझ्या वतीने मामाने दिली. मग मामा त्याच्या कामाला लागला, मी माझ्या. आजपासून मात्र कडक शिष्यत्व. मेहुणे गेले तेव्हा बाळ पोटात होतं. धाकटीला आता माझाच काय तो आधार.

सोमवार, ६ जानेवारी
खोटं बोलायचं नाही. गाद्यांच्या दुकानात हे सोपं नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हिच्यावर झोपून पाठदुखी जाईल का? मी म्हणालो, नाही. गिऱ्हाईक गेलं. मालकांनी काउंटरवरून विचारलं, तब्येत बरी आहे ना तुझी?

मंगळवार, ७ जानेवारी
पाठदुखीचं विचारलं की नुसतं हसायचं. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. गाद्या चांगल्या खपल्या.
दुपारी गर्दी नव्हती. मागच्या खोलीत, नमुन्याच्या गादीवर गुडघे टेकून प्रार्थनेला बसलो. मालकांनी उठवलं.

शुक्रवार, १० जानेवारी
धाकटीचा फोन. छातीत गाठ लागतेय. तुकडा काढून तपासायचाय. हॉस्पिटलात ते बुधवारीच करतात आणि बाळाला आत घेत नाहीत. दादा, बुधवारी तुला सुट्टी असते ना, सकाळभर धरशील का तिला, असं विचारत होती. मी म्हणालो, अगं, हे काय विचारणं झालं!
फोन ठेवून तिच्यासाठी कळवळून प्रार्थना केली. डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर प्रार्थना बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी
शिष्यत्वाचा वर्ग सुरू करायला पाळकसाहेबांनी परवानगी दिली. वार बुधवार, कारण मला सुट्टी. धाकटीला कळवलं, उद्या पहिलाच वर्ग, मीच नसलो तर कसं दिसेल? ती म्हणाली, बरं, पुढच्या बुधवारी जाईन. समजूतदार आहे. शिवाय गाठी बहुतेक साध्याच असतात, एक गिऱ्हाईक सांगत होतं.

बुधवार, १५ जानेवारी
वर्गाला चौघे आले. त्यातले दोघे चर्च झाडायला आले होते, पण थांबले. विषय : वचन आणि आचरण. मी फार चांगलं बोललो.

बुधवार, २२ जानेवारी
उपास धरला. चक्कर आली. अशा अवस्थेत बाळ हातातून पडलं असतं, म्हणून गेलोच नाही. जबाबदारीचं भान म्हणतात ते हेच. दुपारीच उपास सोडला.

बुधवार, १९ फेब्रुवारी
वर्ग. धाकटीने परत विचारलं नाही. म्हणजे घाई नसावी.

बुधवार, २ एप्रिल
वर्गातर्फे हॉस्पिटल भेट. खाटेखाटेपाशी जाऊन अनोळखी माणसांचे हात हातात घेतले. एका म्हाताऱ्याने माझा हात सोडलाच नाही. धन्य वाटलं.
खालच्या मजल्यावर तपासणीच्या खोलीबाहेर धाकटीच्या वर राहणारी शिवणवाली बाई बाकावर बसलेली. मांडीवर धाकटीचं बाळ. मशीन बंद ठेवून आली होती. धाकटी आत. बाई म्हणाली, बरं झालं आलात, जरा धरता का, माझ्या पायांना मुंग्या आल्यात. पण मंडळी जिन्यात माझ्यासाठी खोळंबली होती. बाळाच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बाईला म्हणालो, देव तुमचं भलं करो. तिने मान फिरवून बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. चर्चला येत नाही ती, तिला सवय नसेल.

शुक्रवार, ११ एप्रिल
रिपोर्ट आला. पसरलंय. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. धाकटीने हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस.
मी कशाला लावून घेऊ? पण जेवण गेलं नाही.
पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, देवाची इच्छा. ते म्हणाले, बुधवारचा वर्ग आता बंद करा. मंडळीत कोणीतरी माझ्यावर जळतंय.

सोमवार, ५ मे
निश्चय : रोज संध्याकाळी धाकटीकडे जायचं. आज नवा माल आला, जमलं नाही.

गुरुवार, ८ मे
गेलो. ती झोपली होती. दारातूनच परतलो. खरं म्हणजे तिचे केस गेलेले पाहिले आणि पाय आत टाकवेना.

शनिवार, ९ ऑगस्ट
धाकटीने बोलावून घेतलं. आपल्यामागे बाळ शिवणवालीकडे राहील म्हणाली. बोलणं झालंय, कागदही होतील.
मी म्हणालो, मी धर्मपिता असताना? ती बाई हिला साधी प्रार्थना तरी शिकवेल का? धाकटीला बोलताना धाप लागत होती. म्हणाली, तू येऊन शिकव की, तुला कोणी अडवलंय? मग म्हणाली, दादा, ती रडली की कोण धावतं ते मी बघितलंय.
फार लागलं. बुधवारी जाऊन नीट समजावतो. बाळावर हक्क माझा आहे. सगळ्यांसमोर उभा राहिलो होतो मी.

बुधवार, १३ ऑगस्ट
गेलो. समजावणं राहूनच गेलं. शिवणवाली धाकटीचं अंग पुसत होती. तिने काही न विचारता बाळ माझ्या हातात दिलं.
बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा मी तिला घेतलं नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किंचाळायलाच लागली. अंग ताठ केलं, हात बाईकडे. मी गाणं म्हटलं, प्रार्थना म्हटली, खिडकीपाशी नेलं. श्वास अडकेपर्यंत रडली. शेवटी बाईने ओल्या हातांनीच तिला घेतलं, तशी गप्प झाली. तिच्या खांद्यावर डोकं टाकून, हुंदके देत माझ्याकडे बघत राहिली. मी कोण, हे तिला माहीत नाही.
धाकटी म्हणाली, दादा, तू निघ आता, तुझी कामं खोळंबली असतील.
हो म्हणालो आणि निघालो. मला कुठेच जायचं नव्हतं.