न चावणारे बूट

श्रीपूर, २४ जानेवारी

तीर्थस्वरूप गुरुबसप्पामामांना बसूचा शरणार्थ. मामींनाही सांगावा.

तुमची कंबर कशी आहे? सोलापुरातली गड्ड्याची जत्रा आटोपली, दुकानातली गर्दी आता ओसरली असेल, तेव्हा पट्टा बांधून बसत जा. दिवाळीला तुम्ही दिलेले बूट उत्तम आहेत. नवे बूट आठवडाभर चावतील असं तुम्ही म्हणाला होता. हे पहिल्या दिवसापासून एकदाही चावले नाहीत. इथे मी सगळ्यांना तुमच्या दुकानाचं नाव सांगतो.

पुढचं सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आई दुकानाच्या वरच राहते. म्हणून पत्र. वाचून झालं की एखाद्या खोक्यात घालून अगदी वरच्या फळीवर ठेवा. (आईचा हात दुसऱ्या फळीपर्यंतच पोचतो. मी लहानपणी खात्री करून घेतली आहे.)

आमच्या संस्थेचं काम तुम्हाला माहीत आहे. गरीब वस्त्यांतून फिरायचं, मधुमेह असलेली माणसं शोधायची, त्यांची तपासणी करून औषधं सुरू करून द्यायची. कारखान्याभोवतीच्या सात वस्त्या माझ्याकडे आहेत. प्रशिक्षणात आम्हाला एक नियम शिकवला: घरात शिरल्याबरोबर आजाराचं बोलू नका, बसा, चहा घ्या, मग विषय काढा. नियम बरोबर आहे. इथे चहा नाकारला तर माणूस दुखावतो, आणि पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं म्हणजे घरात काही उरलं नाही असं जाहीर करणं. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली तर ते कुणी करणार नाही. मी दीड वर्ष रोज दहा-बारा घरांत बसलो, चहा प्यालो, आणि साखर कमी करा म्हणून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि बशीत आणखी थोडा ओतला. सगळ्या कार्यकर्त्यांत माझ्या भेटी सर्वांत जास्त आहेत.

अडचण एकच होती, सोजरबाई. कारखान्याच्या फाटकासमोर उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात, तिथे तिची चहाची टपरी आहे. वय साठीच्या पुढे, घरात दुसरं कुणी नाही, आणि दिवस उभ्यानेच जातो. (प्रत्येक किटलीतला घोटभर चहा ती चव बघायला पिते. दिवसाला किटल्या किती होतात ते तिलाही माहीत नाही.) दोन महिन्यांपूर्वी तिच्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला. जखम काळी पडली. आमच्या डॉक्टर शिवलीलाबाईंनी टपरीवर उभं राहून ती पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आठवड्याभरात हिला दवाखान्यात आणलं नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि पुढचं सांगता येत नाही. मी सहा दिवस टपरीवर गेलो. तिचं उत्तर ठरलेलं होतं. “दुकत न्हाय म्हंजे बरं हाय की.” मी तिला समजावलं, की दुखत नाही हाच धोका आहे; या आजारात पायाची जाणीव जाते, आणि माणसाला जखम झालेलीसुद्धा कळत नाही. हे मी फार चांगलं समजावतो. ती म्हणाली, “च्या घे.”

सातव्या दिवशी टपरीसमोरच शिबिर ठेवलं. गाडीवान, तोडणीच्या बाया, असे तीसेक लोक जमले. सोजरबाई हात पुढे करीना. “माज्या बोटात सुई घालायची तर आदी तुज्या घाल, बसूसाहेब.” मी लगेच तयार झालो. चाचणी किती सोपी असते यावर चार वाक्यं बोललो, नियमित चालणाऱ्या माणसाचं रक्त कसं असतं यावर दोन, आणि बोट टोचून घेतलं. यंत्राने तीनशे अठरा दाखवले. मी यंत्र बिघडल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या यंत्राने तीनशे बावीस दाखवले. एक गाडीवान म्हणाला, “साहेब, तुमचा साखरेचा उतारा तर उसापरीस चांगला हाय.” लोक हसले. सोजरबाई हसली नाही. तिने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आपलं बोट पुढे केलं. तिची साखर दोनशे नव्वद निघाली. माझ्याहून कमी आली, या आनंदात ती लगेच सोलापूरला यायला तयार झाली; अट एवढीच, की केसपेपर आधी माझा काढायचा.

तसं केलं. दवाखान्यात रांगेत ती माझ्या मागे उभी राहिली, मी निसटू नये म्हणून. तिची जखम साफ केली, औषधं सुरू झाली. अंगठा वाचला, मामा. हे एक वाक्य मी अहवालात दोनदा लिहिलं आहे. मलाही गोळ्या दिल्या. पाय दाखवा म्हणाले, पण बुटांच्या नाड्या सोडायला वेळ लागतो आणि माझे पाय ठणठणीत आहेत, तेव्हा ते राहू दिलं. कार्यकर्त्याने लोकांसमोर आधी स्वतःची चाचणी करून घ्यावी, ही माझी पद्धत म्हणून संस्थेने आता सर्वांना लागू केली आहे. आतापर्यंत आणखी तीन कार्यकर्ते सापडले. ते माझ्याशी बोलत नाहीत.

एकंदरीत काम उत्तम चाललं आहे. आईला यातलं काही कळू देऊ नका.

तुमचा भाचा,
बसू

ता. क. मुख्य काम राहिलं. सोजरबाईसाठी सहा नंबरची मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल पाठवा. अंगठ्याची नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात सोजरबाई आली. केसपेपरवर नातेवाइकाचा म्हणून मी आईचा नंबर लिहिला होता, तो तिने उतरवून घेतला होता. दोघींचं काल तासभर बोलणं झालं. आईने मला तिच्या ताब्यात दिलं आहे, आणि सातही वस्त्यांत माझा चहा बिनसाखरेचा झाला आहे. तेव्हा पत्र वरच्या फळीवर ठेवायचं कारण नाही. आईच्या सांगण्यावरून तिने मला बूट काढायला लावले. डाव्या करंगळीला फोड आला होता आणि तो फुटलाही होता. “ह्ये कवा झालं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “काय?” तिने वितीने पाय मोजला आणि बुटाचा तळ वाचला. उद्या सकाळी ती मला सोलापूरला घेऊन येते आहे. या वेळी अट माझी: केसपेपर आधी तिचा.

चपला दोन पाठवा. माझी नऊ नंबरची. तुम्ही दिलेले बूट आठचे होते. चावतात का, असं तुम्ही दिवाळीत तीनदा विचारलं होतं. यापुढे मला विचारू नका, पाय बघत जा.