साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस आणि प्रिंटर पेटला! म्हणजे धूर आला फक्त. पण साहेबांनी "आग, आग" करत धावत जाऊन पंख्याचा प्लग काढला. प्रिंटर तसाच धुमसतोय. हे निवडून आले की उद्या शहर चालवणार.

मामा साहेबांचा जुना कार्यकर्ता, त्यानेच चिकटवलंय मला इथे. "कॉम्प्युटर, फोन, माईक, जे बंद पडेल ते चालू करायचं. तोंड मात्र बंद." माझं तोंड त्याला जन्मापासून माहीत आहे, तरी बोलला बिचारा.

४ मार्च

प्रचाराला बाहेरून एक सल्लागार आणलाय. मी त्याचं नाव सर्व्हे ठेवलं. "सर्व्हे सांगतो"शिवाय वाक्य सुरूच होत नाही! आज सर्व्हेने सांगितलं की लोकांना ऐकून घेणारा नेता हवाय. म्हणून पोस्टरवर एक नंबर छापला — 'तुमची अडचण ती माझी अडचण.' मेसेज आला की मशीन आपोआप उत्तर देणार: "नमस्कार! आपली अडचण साहेबांपर्यंत पोचली आहे."

कुठली पोचतेय? माझ्या टेबलावरच्या फोनपर्यंत पोचते. साहेबांना स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नाही, कालपासून तीनदा मला विचारलाय.

६ मार्च, गुरुवार

एक काकू सारख्या लिहितात. पाचवा मजला, लिफ्ट बंद, नवऱ्याला डायलिसिसला न्यायचंय. मशीन म्हणतं, पोचली आहे. आज त्यांनी लिहिलं, "अडचण पोचली म्हणता, मग नवरा का पोचत नाही खाली?"

हसले. मग हसू गेलं. फोनच लावला.

खणखणीत आवाज. "अगं, दोन शेजारी खुर्चीत बसवून उतरवायचे. एकाची पाठ धरली. दुसरा आता मला बघितलं की दार लावून घेतो!"

लिफ्टच्या कंपनीला फोन केला. "साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय." यात खोटं काय? तिथूनच बोलत होते! पलीकडचा माणूस आधी जांभई देत होता. एकदम "हो मॅडम, हो मॅडम".

७ मार्च

लिफ्ट चालू!! काकूंचा मेसेज — "हे खाली जाऊन आले. काम काही नव्हतं. आता पुन्हा गेलेत."

११ मार्च, मंगळवार

एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने अख्ख्या गल्लीला. तुंबलेलं गटार, अडकलेली पेन्शन, गळकी टाकी. सगळ्यांना फोन करत सुटलेय. चटक लागलीय, खरं सांगायचं तर.

बाबा जेवताना म्हणाले, "आपल्या मोरीचा नळ महिनाभर गळतोय. साहेबांच्या ऑफिसातून कोणी येईल का?"

१३ मार्च, गुरुवार

सर्व्हेला पत्ता लागला. आत बोलावलं.

"लोकांची कामं तू करतेस?"

"मी फक्त फोन करते."

"आत्ताच सगळी कामं झाली तर आम्ही आश्वासन कशाचं द्यायचं?"

मला वाटलं गंमत करतोय. नाही हो! चांगला गंभीर होता.

फोन काढून घेतला. मशीन आणखी हुशार कर म्हणाला, म्हणजे मेसेजमधले शब्द ओळखून तेच गोड उत्तर देईल. "आणि पुन्हा परस्पर फोन केलास तर घरी बस." मामानेही डोळे वटारले. नोकरी हवीय मला. केलं मशीन हुशार.

संध्याकाळी सभेत साहेब — "ती लिफ्ट मी स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेतली!" टाळ्या. माईकचं बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं नाही. संत आहे मी.

१७ मार्च, सोमवार

मशीन नीट चालतंय का बघत होते. काकूंचा मेसेज दिसला.

"हे काल गेले. लिफ्टबद्दल तुमचे आभार मानायचं त्यांच्या मनात होतं. राहून गेलं."

मशीनने 'लिफ्ट' ओळखलं. 'आभार' ओळखलं. आणि उत्तर दिलं — "वा! ऐकून आनंद झाला! आपलं मत साहेबांनाच!" पुढे हसरा चेहरा.

तो चेहरा मीच टाकला होता. साधं उत्तर रुक्ष वाटतं म्हणून.

१८ मार्च

काकूंकडे गेले. काय बोलायचं ते लिफ्टमध्ये घोकलं, दार उघडल्यावर सगळं विसरले.

"काकू, ते उत्तर मशीनने दिलं. आणि मशीन मी बसवलंय."

"मला वाटलं, साहेबांनीच लिहिलं."

"साहेबांना कुठलं जमतंय! त्यांना पासवर्ड आठवत नाही."

फिस्सकन हसल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि मीही. शेजारी डोकावून गेला. आज त्याने दार लावलं नाही.

निघताना म्हणाल्या, "त्या दिवशी फोन केलास ती तूच ना? मग तूच बोलत जा की. मशीन कशाला मध्ये?" आणि वर — "मत मात्र मी देणार नाही हं."

"नका देऊ," म्हटलं.

ऑफिसात येऊन मशीन बंद केलं. सर्व्हेला सांगितलं, बिघडलंय.

"मग दुरुस्त कर!"

"पार्ट मिळत नाही."

प्रोग्रॅमला पार्ट नसतो हे त्याच्या सर्व्हेत आलेलं नाही. मग मेसेज बघणार कोण? फोन परत माझ्या टेबलावर. घरी बसवायचं तर बसवा म्हणावं.

२३ मार्च, रविवार

मतदान. कोणाला दिलं ते इथेसुद्धा लिहिणार नाही. मामा ही वही चाळतो असा दाट संशय आहे.

२६ मार्च, बुधवार

साहेब आले निवडून! हार, फटाके, धक्काबुक्की. मामा रडला. सर्व्हे म्हणाला, सर्व्हेने सांगितलंच होतं.

साहेबांचा पहिला हुकूम मला — "तो नंबर बंद करून टाक. आता लोक खरंच मेसेज करतील."

२७ मार्च

नंबर बंद करायला निघाले होते. वाटेतच फोन वाजला. थरथरता, म्हातारा आवाज.

"बाई, आमच्या जिन्यातला दिवा गेलाय. काल पडता पडता वाचले. मुलगा कालच निवडून आलाय माझा, पण तो काही फोन उचलत नाही. या नंबरावर उचलतात म्हणे?"

पत्ता लिहून घेतला. आणि परत फिरले.